गंगेची ओटी आणि टोरांटोची परिषद

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या आसपास गोदावरीला गोदावरी म्हणणारे थोडेच. सगळ्यांची ती गंगाच. तिची ओटी भरायची, साती आसरा या जलदेवतांना नैवेद्य दाखवायचा, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण अशाच प्रथांवर अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या धर्म-अभ्यास विभागातल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी अख्खा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीत्व यांवरचा तो ग्रंथ 1995 साली आला.

असं संशोधन एकमेकांना ऐकवण्यासाठी त्याआधीच एक परिषद उभी राहिली होती. टोरांटो विद्यापीठातले इतिहासकार एन. के. वागळे यांच्या पुढाकाराने 1984 मध्ये महाराष्ट्राच्या संस्कृती आणि समाजावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढची बैठक दुसऱ्या शहरात, असं करत ती मॉस्कोपर्यंत गेली. दर वेळी एक विषय घ्यायचा आणि निबंधांतून पुस्तक करायचं, ही तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी रीत. विषयही साधे, खोल: स्त्रीप्रतिमा, घर, कुटुंब. 'घर' हा विषय घेतला की देवघर, माहेर, कुलदैवत सगळंच चर्चेत येतं, आणि धर्म पोथीतून उतरून उंबरठ्यावर येतो. घरावरचा एक खंड फेल्डहाउस यांनी मॉस्कोच्या अभ्यासक इरिना ग्लुश्कोवा यांच्यासह संपादित करून 1998 मध्ये काढला.

हे संशोधन करणारी माणसं ग्रंथालयात बसून राहिली नाहीत. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर राहून खंडोबा-बिरोबाच्या कथा ऐकत. आपल्याकडच्या विद्वत्तेलाही या अभ्यासकांत मान होता. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ 1984 चाच; 2011 मध्ये तो इंग्रजीत आला, तो फेल्डहाउस यांच्याच हातून.

मला खटकतं ते एवढंच की ओवी मराठीत, नवस मराठीत आणि त्यांवरची चर्चा मात्र बहुतांशी इंग्रजीत. अशी एखादी बैठक संत जनाबाईच्या गंगाखेडला भरवावी. निबंध मराठीत वाचावेत. पूर्णा तालुक्यातल्या ओटी भरणाऱ्या बायकांना पहिल्या रांगेत बसवावं, आणि निबंध संपला की पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा.