रानपिंगळा : नोंदीपासून जनुकांपर्यंत

सातपुड्यातील सागाच्या पानगळी जंगलात रानपिंगळ्याचे सर्वेक्षण दिवसाउजेडी करता येते, कारण हे लहान घुबड दिवसाही जागे असते व उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर टिपते. ध्वनिमुद्रित साद ऐकवून प्रतिसादाची वाट पाहायची आणि ठिकाण, वेळ व अधिवास नोंदवायचा, एवढेच वरकरणी हे काम असते. परंतु परभणीसारख्या सपाट, विरळ वनांच्या जिल्ह्यातही सर्वत्र दिसणारा साधा पिंगळा त्याच्याशी इतका मिळताजुळता असतो की, माथ्यावर ठळक ठिपके नसणे, छातीचा गडद पट्टा आणि पांढरे पोट ही लक्षणे पटल्याखेरीज नोंद ग्राह्य धरता येत नाही.

ही काटेकोर शिस्त इतिहासाने शिकवली आहे. पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी 1873 मध्ये वर्णन केलेल्या या पक्ष्याचा अखेरचा अस्सल नमुना 1884 मध्ये खानदेशात मिळाला आणि पुढे 113 वर्षे तो कोणाच्याही खात्रीशीर नोंदीत आला नाही. पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांचा 1914 मधील गुजरातचा म्हणून दाखवलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला व बनावट चिठ्ठी लावलेला होता, हे नंतर सिद्ध झाले. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या अस्सल ठिकाणांकडे वळलेल्या पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशातील शहाद्याजवळ हा पक्षी आढळला. एका खोट्या चिठ्ठीने शोध कसा भरकटू शकतो, हे यातून दिसले.

सातपुड्यापासून दूर, पश्चिम घाटालगतच्या तानसा अभयारण्यात 2014 मध्ये हा पक्षी आढळला, तेव्हा दूरदूरच्या समूहांमधील नात्याचा प्रश्नही पुढे आला; असे प्रश्न जनुकांच्या आधारे सोडवता येतात. जनुकीय अभ्यासात पिसे, रक्त वा ऊतीच्या नमुन्यातून डीएनए वेगळा करून त्याच्या ठरावीक भागांचा क्रम वाचतात आणि ते क्रम परस्परांशी ताडून नाते ठरवतात. अशाच पद्धतीने 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने रानपिंगळा स्वतंत्र प्रजातीचा नसून साध्या पिंगळ्याच्या ‘अथेने’ या प्रजातीतच मोडतो, असे दाखवून शतकभराचा वाद बराचसा मिटवला. हीच पद्धत एकाच जातीच्या दूरदूरच्या समूहांना लावली, तर जंगलाचे तुकडे झाल्यावर त्यांच्यातील जनुकीय देवाणघेवाण थांबली आहे काय, हेही उलगडते. जनुकीय विविधता आटलेला छोटा समूह रोगराईला व जवळच्या नात्यातील प्रजननाच्या दुष्परिणामांना लवकर बळी पडतो.

म्हणूनच नव्या ठिकाणी पक्षी सापडणे ही संवर्धनाची सुरुवात असते, सांगता नव्हे. तारीख, ठिकाण आणि पुरावा यांसह केलेली प्रामाणिक नोंद ही या शास्त्राची पहिली गरज असून ती पुरवणे कोणत्याही जिल्ह्यातील पक्षिनिरीक्षकाला शक्य आहे.