मडक्याचे शिर, चिंध्यांचे अंग

जळगावहून एरंडोल, पारोळा या मार्गाने धुळ्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला ज्वारी निसवण्याच्या दिवसांत शेताशेतांतून एक मूक मंडळी उभी असलेली दिसते. दोन काठ्यांची फुली, तिच्यावर कोणा गड्याचा टाकून दिलेला सदरा, आत कोंबलेला कडबा आणि वर पालथे घातलेले काळे मडके. मडक्यावर चुन्याचे दोन ठिपके व खाली दातांची एक ओळ. हे बुजगावणे दिवसा विनोदी वाटते; दिवेलागणीस तेच पाहून चालत्या माणसाचे पाऊल क्षणभर अडखळते. कापड आणि माती यांची ही एक भली मोठी बाहुलीच होय. आणि बाहुलीच्या अंगी भय कोठून येते, हा प्रश्न तिच्यापासून सुरू करणे सोयीचे आहे.

भय कुरूपतेतून येते असे सामान्यतः समजले जाते. तसे पाहू गेल्यास फुटक्या रांजणाहून बुजगावणे कुरूप नसते. पण रांजणाला कोणी भीत नाही. रांजणावर चुन्याचे दोन ठिपके पडले की मात्र तो पाहू लागतो. दोन ठिपके आणि एक रेघ एवढ्यावरून चेहरा जुळवून घेण्यास मनुष्याची दृष्टी नेहमीच उत्सुक असते, आणि चेहरा जुळला म्हणजे त्यामागे कोणीतरी आहे, अशी समजूत बुद्धीला विचारल्यावाचून होऊन बसते. पाखरांची गोष्ट निराळी. ती काही दिवस बिचकतात, मग सरावतात, आणि अखेरीस सदऱ्याच्या बाहीवर येऊन बसतात. म्हणून जाणता शेतकरी बुजगावण्याची जागा बदलत असतो.

या समजुतीचा शास्त्रीय विचार युरोपात झालेला आहे. १९०६ साली एर्न्स्ट येंच या जर्मन वैद्याने असे प्रतिपादन केले की, समोरील वस्तू सजीव की निर्जीव याविषयी मनात संशय राहिला, तर त्या संशयातूनच एक विशिष्ट अस्वस्थता उपजते. १९१९ साली सिग्मुंड फ्रॉइड यांनी त्यास हरकत घेतली. त्यांच्या मते, जे एकेकाळी घरचे व ओळखीचे असून मनाने दडपून टाकलेले असते, तेच वेष पालटून परत आले म्हणजे माणूस दचकतो. दोघांच्याही नजरेपुढे हॉफमानच्या कथेतील ऑलिंपिया ही यांत्रिक बाहुली होती. पुढे १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी यंत्रविशारदाने हाच विषय एका आलेखाने मांडला: बाहुली जसजशी मनुष्यासारखी होत जाते, तसतशी ती अधिक आवडू लागते, परंतु पूर्ण साम्य साधण्याच्या थोडे अलीकडे ती आवड एकाएकी कोसळते. फ्रॉइड यांचे मत बाहुली करणाराच्या फारसे उपयोगी पडणारे नाही. येंच आणि मोरी यांचे म्हणणे मात्र खानदेशातील बायांच्या हातांना पूर्वीपासून ठाऊक असावे, असे त्यांच्या कामावरून वाटते.

घराच्या बांधकामावर अथवा मालमोटारीच्या मागे टांगलेली काळी बाहुली पाहावी. काळ्या चिंधीची गुंडाळी, तीवर लाल-पांढऱ्या दोऱ्याचे डोळे व तोंड. वाईट दृष्ट प्रथम तिच्यावर खिळावी, हा हेतू. तेव्हा तिचे डोळे मुद्दामच मोठे करावयाचे. याच्या उलट भातुकलीतील चिंध्यांची बाहुली. जुन्या लुगड्याची सुरळी, गळ्याशी दोऱ्याचा वेढा आणि चेहरा बहुधा कोराच, फार तर काजळाचे दोन टिंब. मुली तिचे लग्न लावतात, तिला रागे भरतात, जेवू घालतात. कोऱ्या चेहऱ्यावर हवा तो भाव बसवण्याची त्यांना मोकळीक असते. चिंधी तीच, दोरा तोच. फरक केवळ डोळ्यांचा.

ही कला किती जुनी, हे दर्शविणारी एक वस्तू खानदेशाबाहेर, पुणे जिल्ह्यात सापडली. घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तेथे जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांचे गाव उघडकीस आले. याच संस्कृतीचे अवशेष तापीच्या खोऱ्यातही मिळाले आहेत. इनामगावच्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक शिरविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्याजवळ मातीचा बैल मिळाला. मूर्तीला व बैलाला छिद्रे असून, काडी घालून तिला बैलावर बसविता येत असे. ही वस्तू सुमारे तीन हजार वर्षांहून जुनी आहे. घडविणाराने तिला शिरच दिले नाही, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, पाहणाऱ्याची नजर तिच्या मोकळ्या खांद्यांवर पुनःपुन्हा जाते.

खानदेशातील घरांत मातीचा चेहरा खरा मुक्कामास येतो तो गुलाबाईच्या रूपाने. विदर्भात तिला भुलाबाई म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेस गुलाबाई व गुलोजी ही मातीची जोडी घरात मांडली जाते आणि आश्विन पौर्णिमेस, म्हणजे कोजागिरीस, तिला निरोप दिला जातो. ही पार्वती आणि शंकर होत, आणि लेक माहेरी आली आहे, अशी भावना असते. रोज सायंकाळी आळीतील मुली जमतात, गाणी म्हणतात आणि झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. महिनाभर दिव्याच्या मंद उजेडात मुलींनी जिच्यासमोर बसावयाचे, तिचा चेहरा कसा असावा? फार गोजिरवाणा असला तर ती खेळणे होते; फार उग्र असला तर धाकट्या मुली आईच्या पदराआड जातात. हाताने घडविलेल्या गुलाबाईच्या टपोऱ्या डोळ्यांत या दोहोंमधील काहीतरी असते. श्रावणातल्या कानबाईचेही तसेच. तेथे तर माती नसून नारळच असतो. त्याला डोळे, नाक, नथ आणि वस्त्र मिळाले की, सकाळपर्यंत नारळ असलेल्या त्या वस्तूपुढे घरातील वडीलधारी माणसेही आवाज खाली आणून बोलतात.

आता अशी बाहुली घरी करावयाची झाल्यास कोणत्या अडचणी येतात ते पाहू. पहिली अडचण मातीची. खानदेशची काळी माती ही काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली. ती पाणी पिऊन फुगते व वाळताना आकसून भेगाळते. ओल धरून ठेवण्याच्या ज्या गुणाने ती कपाशीला जगविते, तोच बाहुलीच्या चेहऱ्याला दगा देतो: रात्री घडविलेले नाक सकाळी गालापासून अलग झालेले आढळते. यास्तव काळी माती एकटी वापरू नये. तीत नदीकाठचा चाळलेला गाळ किंवा बारीक रेती मिसळावी, आणि मळताना पिंजलेल्या कापसाचे तंतू घालावेत. तंतू मातीला आतून धरून ठेवतात. भावनगरकडून येणारी शाडू मिळाल्यास काम सोपे होते, पण शेतातील माती आणि त्याच शेतातील कापूस यांची बाहुली करण्यात जी मौज आहे, ती तीत नाही.

चेहरा लिंबाएवढा असावा व काडीवर घडवावा. भरीव गोळा बाहेरून वाळतो, आत ओला राहतो आणि तडकतो; म्हणून तो थोडा पोकळ ठेवावा. गळ्याशी सभोवती खाच पाडावी, कारण कापडी अंग तेथेच दोऱ्याने बांधावयाचे असते. ही खाच विसरलेल्या बाहुलीचे शिर आठ दिवसांत हातात येते. सावलीत, वाऱ्यापासून दूर, सावकाश वाळू द्यावे. मग खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून पातळ हात द्यावा. अंगासाठी वापरून मऊ झालेले सुती लुगडे उत्तम. नवे कापड ताठ राहते आणि बाहुली खुंटाला सदरा घातल्यासारखी दिसते. आत कापूस भरावा, पण तळाशी थोडी सरकी घालावी. त्या वजनाने बाहुली बसते, आणि बसलेली बाहुली उभ्या बाहुलीपेक्षा अधिक जिवंत भासते.

डोळे सर्वांत शेवटी. बुबुळाभोवती चारही बाजूंनी पांढरे दिसले की, बाहुली दचकलेली व दचकविणारी होते. वरच्या पापणीखाली बुबुळ थोडे झाकले की ती शांत होते. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या जागेत हा सारा निर्णय असतो. ओठ हसरे व डोळे स्थिर ठेवले, तर गोड चेहराही अस्वस्थ करतो; साच्यातून निघालेल्या कित्येक मूर्तींचे नेमके असे होते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई केली, ती पाण्याच्या काळजीपोटी. हे प्लास्टर विसर्जनानंतर मातीप्रमाणे सहज विरघळत नाही. परंतु साच्याने आणखीही एक हानी केली आहे. शंभर चेहऱ्यांचे डोळे एकदाच ठरतात, आणि ज्या घरात तो चेहरा बसावयाचा, तेथील मुलीला तो कसा दिसेल हे विचारणारे कोणी उरत नाही.

ते विचारणे अवघड नाही. काजळाने डोळे रेखाटल्यावर बाहुली दिवसाउजेडी जमिनीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवावी आणि मुलास दुरून येऊ द्यावे. ते थबकून मग जवळ आले, तर डोळे साधले. ते तोंड फिरवून निघून गेले, तर त्याला हसू नये. कापसाचा ओला बोळा हलकेच फिरवून काजळ टिपून घ्यावे, खडूचा नवा हात द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी बुबुळ जरा वर सरकवून पाहावे.