गिरणीची थरथर आणि एस.टी.चे हादरे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लिहावे, याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. पण हा विषय माझ्या घरातूनच निघाला. माझे वडील पिठाच्या गिरणीत कामाला आहेत. कंपनांपासून वीज मिळते, असे मी कुठेसे वाचले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. आबा म्हणाले, "मग गिरणीचं लाईटबिल कमी हुईल का रं?" आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तर देणे भाग होते आणि मला ते येत नव्हते.

मूळ शोध जुना आहे. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे १८८० साली पिएर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंना आढळले. यालाच दाबविद्युत म्हणतात. स्वयंपाकघरातील गॅसच्या लायटरमध्ये अशाच पदार्थाचा लहानसा तुकडा असतो. खटका दाबला की त्यावर आतली हातोडी आदळते, क्षणभर काही हजार व्होल्ट निर्माण होतात आणि ठिणगी पडते.

कंपनांपासून वीज घ्यायची तर या पदार्थाचा थर दिलेली पातळ धातूची पट्टी एका टोकाला घट्ट बसवतात व मोकळ्या टोकावर वजन लावतात. यंत्र थरथरले की पट्टी वाकते, वाकली की वीज. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो, तसेच या पट्टीचे. गिरणीची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. पट्टीची लांबी आणि वजन जुळवून तिची लय २४ वर आणली की काम झाले.

पण मी ज्या एस.टी.ने कॉलेजला येतो तिचे काय? खड्डा, ब्रेक, पुन्हा खड्डा! हादऱ्यांना लय म्हणून नाही. अशा यदृच्छ कंपनांत एकाच लयीची पट्टी जवळजवळ बहिरी ठरते. खरे डोके लागते ते येथे. एक युक्ती मला फार आवडली. पट्टीच्या टोकावर एक चुंबक लावायचे आणि त्याला ढकलणारे दुसरे समोर बसवायचे. मग पट्टीला मधोमध थांबता येत नाही. ती डावीकडे तरी कलते, नाही तर उजवीकडे. पुरेसा मोठा हादरा बसला की, त्याची लय कोणतीही असो, ती फटकन पलीकडे जाते आणि चांगलीच वाकते. चुंबके फार जवळ आणली तर लहान हादऱ्यांनी ती पलीकडे जातच नाही. फार दूर नेली तर पुन्हा साधी पट्टी. म्हणून त्या त्या जागेचे हादरे मोजूनच हे अंतर ठरवावे लागते.

आता आबांचा प्रश्न. एवढ्याशा पट्टीतून एक मिलीवॉट मिळाला तरी पुष्कळ. पाच वॉटचा एक दिवा लावायला अशा ५००० पट्ट्या हव्यात! शिवाय गिरणीची थरथर म्हणजे मोटारीने घेतलेल्या विजेचाच वाया गेलेला कण. बिल कमी होणार नाही, असे दिवाळीला घरी गेलो तेव्हा सांगून टाकले.

"मग करत्यात कशाला?"

आबा रोज बेरिंगच्या झाकणावर तळहात ठेवतात. थरथर बदलली की बेरिंग जाणार, हे त्यांना आवाज येण्याआधी कळते. जिथे असा रोज हात पोचत नाही, पुलाखाली किंवा मोठ्या कारखान्यात, तिथे एक लहान संवेदक बसवतात. तो अधूनमधून थरथर मोजतो आणि बिनतारी कळवतो. तेवढ्याला पट्टीतली साठवलेली वीज पुरते आणि सेल बदलायला कोणाला वर चढावे लागत नाही.

आबांनी थोडा विचार केला. "पीठ बसलं त्याच्यावर तर?"

डबा घट्ट बंद असतो, असे मी सांगितले.