सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण प्रोटेस्टंट मंडळ्या

सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण प्रोटेस्टंट मंडळ्या हे प्रामुख्याने अमेरिकन मिशनांच्या कार्यातून उभे राहिलेले ख्रिस्ती उपासक-समुदाय आहेत. मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘मंडळी’ हा शब्द वास्तूसाठी नव्हे, तर एकत्र उपासना करणाऱ्या लोकांसाठी वापरला जातो. खेड्यात बहुधा मंडळी आधी आणि चर्चची इमारत नंतर असा क्रम असे. तोवर मिशनच्या शाळेची खोलीच रविवारी उपासनेची जागा होई आणि शाळेचे मास्तरच उपदेशकाचे काम पाहत.

इतिहास

सातारा शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचा आरंभ १८३४ मध्ये श्रीमती ग्रेव्हज यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेने झाला. १८४९ पासून तेथे मिशनरी कायमचे राहू लागले. पुढे वाई येथे मिशनचे रुग्णालय उभे राहिले. (याच मिशनची अहमदनगर येथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव खंडाळा तालुक्यात आहे.) दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले मिशन १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. त्याच मिशनचे विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभारले.

मेथडिस्ट पंथ मुंबईत १८७१ मध्ये विल्यम टेलर यांच्यासोबत आला व लवकरच पुण्यात पोहोचला. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने काम करू नये, असा त्या काळी संकेत होता. त्यामुळे खेड्यातील मंडळी कोणत्या पंथाची, हे गावकऱ्यांच्या धर्मविचारापेक्षा मिशनच्या कार्यक्षेत्रावर ठरे. कारभारात मात्र या भेदाला अर्थ होता. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत स्थानिक मंडळी आपले निर्णय स्वतः घेई. प्रेस्बिटेरियन पद्धतीत निवडलेले वडील कारभार पाहत. मेथडिस्ट पाळकांची नेमणूक व बदली बिशप करतात.

मिशनच्या चौकटीबाहेरचा सर्वांत धाडसी प्रयत्न कवी नारायण वामन टिळक यांचा होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांची पदे मात्र मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात.

एकीकरण

काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ही संयुक्त मंडळी तिच्यात विलीन झाली. ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्टही त्यात सहभागी झाले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. १९८१ मध्ये त्यांची स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाली.

सामाजिक स्थिती

ग्रामीण मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती धर्मीयांना नाही. एकाच वस्तीतील बौद्ध कुटुंबाला मिळणारी सवलत शेजारच्या ख्रिस्ती नातलगाला मिळत नाही. त्यामुळे कागदावर धर्म कोणता नोंदवावा, हा प्रश्न अशा कुटुंबांपुढे उभा राहतो आणि केवळ जनगणनेवरून लहान मंडळीचा खरा आकार ठरवणे अवघड होते.