संत्र्याचें कलम : खोडाची पहिली वीत

शेंदूरजनाघाट हें सातपुड्याच्या पायथ्याचें, वरुड तालुक्यांतील गांव संत्र्याच्या कलमांसाठीं प्रसिद्ध आहे. येथील रोपवाटिकांतून मध्यप्रदेश व राजस्थानापर्यंत कलमें जातात. कलम घेतांना बागाईतदार बहुधा उंची, पानांची काळोखी आणि किंमत एवढेंच पाहतो. परंतु बागेचें आयुष्य ठरतें तें जमिनीलगतच्या वीतभर खोडांत. म्हणून त्याविषयीं चार गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

कलम म्हणजे दोन झाडांचा संयोग होय. वरचा डोळा नागपुरी संत्र्याचा. खालचा खुंट जंभेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. जंभेरीवर झाड जोमानें वाढतें, परंतु पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनींत त्यास मूळकूज व डिंक्या लवकर गांठतात. रंगपूर लिंबाचा खुंट या रोगांपुढें अधिक टिकतो व पाण्याचा ताणही बरा सोसतो. तेव्हां आपली जमीन व विहिरीचें पाणी पाहून खुंट मागावा.

खुंटाचें रोप पेन्सिलीएवढें जाड झालें, म्हणजे हिवाळ्यांत त्यावर डोळा बांधतात. सालीस इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देऊन डोळा आंत सरकवावा व पट्टीनें घट्ट बांधावा. तीन आठवड्यांनीं डोळा हिरवा राहिला, तर तो लागला असें समजावें. डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, हें अवश्य विचारावें. कित्येक विषाणुजन्य रोग डोळ्यावाटेंच पसरतात, आणि ते एकदां झाडांत शिरले म्हणजे त्यांस उपाय नाहीं.

डोळा जमिनीपासून सुमारे वीतभर, म्हणजे २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर असावा. मूळकूज व डिंक्या करणारी बुरशी मातींत व साचलेल्या पाण्यांत राहते. सांधा खालीं असला, तर पावसाच्या शिंतोड्यांनीं ती संत्र्याच्या सालीपर्यंत पोंचते. चांगल्या कलमाचा सांधाही पुष्कळदां लावतांना मातींत गाडला जातो, आणि मग खुंटाचा सर्व फायदा व्यर्थ होतो. खड्ड्यांतील माती पुढें खचते, हें ध्यानांत ठेवून कलम किंचित् उंच लावावें.

पुढील निगाही याच वीतभर खोडाभोवतीं फिरते. सांध्याखालीं फुटणारे कोंब वेळच्या वेळीं काढून टाकावे. ते वाढले तर संत्रा दबतो व जंभेरीच माजते. झाड हिरवेंगार दिसतें, पण त्यास जाड सालीचीं आंबट फळें येतात. पाण्यासाठीं दुहेरी आळें करावें, म्हणजे पाणी बुंध्यास लागत नाहीं. मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर यांचा बोर्डोमलम पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर बुंध्यास मीटरभर उंचीपर्यंत लावावा. पावसाळ्यापूर्वींच चर काढून पाण्यास वाट करून द्यावी. फळें उतरल्यावर वाळलेली सल काढावी.

बहाराचाही विचार हवा. आंबिया बहारासाठीं डिसेंबरांत पाणी तोडून जानेवारींत पुन्हां सुरू करतात. मृग बहारासाठीं मे महिन्यांत ताण देतात. वर्षांत एकच बहार घ्यावा. दोन्ही घेतले तर झाड खंगतें.

६ मीटर अंतरानें लावल्यास एका एकरांत सुमारे ११० झाडें बसतात, व बाग फळावर येण्यास पांच वर्षें लागतात. कलमामागें चार रुपये वांचविले तर एकरीं जेमतेम साडेचारशें रुपये वांचतील. उलट कलम वाईट निघालें, तर पांच वर्षांचें पाणी, खत व श्रम मातींत जातील. म्हणून परवानाधारक रोपवाटिकेंतूनच कलमें घ्यावीं, पावती जपून ठेवावी, आणि गाडी भरण्यापूर्वीं प्रत्येक कलमाचा सांधा स्वतः वाकून पाहावा.