बेस गिटारची मान का झुकते?

नेक डाइव्ह : पट्टा खांद्यावर असताना हात सोडले की गिटारचं डोकं जमिनीकडे जाणं. डावा हात सूर दाबायचा सोडून मान सावरत बसतो.

कारण : लांब मान, टोकाला जड खुंट्या. फेंडर प्रिसिजन बेसपासून (१९५१) रूढ झालेली स्केल, म्हणजे तारेची कंपणारी लांबी, ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंमी.

बटणाची जागा : प्रिसिजनच्या खोक्याचं वरचं शिंग, ज्याच्या टोकाला पट्ट्याचं बटण असतं, बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचतं, म्हणून तोल बराच बरा. गिब्सन थंडरबर्डचं (१९६३) शिंग आखूड. ती या खोडीसाठीच ओळखली जाते.

एक्स्टेन्शन : पट्ट्याचं बटण डोक्याच्या दिशेने पुढे नेणारा धातूचा किंवा लाकडाचा जोडतुकडा. वजन तेवढंच, फक्त टेकू सरकतो, तागडीचाच हिशेब. बटण शिंगाच्या टोकावर असेल तर सरळ दांडी पुरते. मानेच्या मुळाशी, मागच्या बाजूला असेल तर आडवी पट्टी लागते. गिटार थोडी उजवीकडे सरकते, पहिला फ्रेट हाताजवळ येतो.

जपायचं काय : तरफ लांबली की स्क्रूवरचा ताण वाढतो. लांब स्क्रू हवा, लाकडातलं भोक घट्ट हवं.

इतर उपाय : हलक्या खुंट्या. रुंद, खरखरीत चामडी पट्टा घसरण रोखतो, तोल मात्र तोच. बेस-रचनाकार नेड स्टाइनबर्गर यांनी तर बेसचं डोकंच काढून टाकलं.