डायनामो आधी काढा

३ जूनचा सायकल दिन यंदाही फेऱ्या, टी-शर्ट आणि सेल्फींत पार पडला. मला त्या तारखेला दुसरंच आठवतं. २०२० साली नेमक्या याच दिवशी ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. जिन्याखाली धूळ खाणारी घरची काळी गाडी त्यानंतर एकदम ‘व्हिंटेज’ झाली. आता तिला चकचकीत रंग मारून, सोनेरी रेघा ओढून हॉटेलच्या भिंतीवर टांगतात. छर्रे मात्र आत गंजलेलेच. याला रिस्टोरेशन कोण म्हणतं?

खरं काम सुरू होतं कॉटर पिनेपासून. क्रँक धरून ठेवणारी ही बोटाएवढी पिन वर्षानुवर्षांच्या गंजाने जाम झालेली असते. उतावळा माणूस हातोडी घालतो आणि पिनेचं टोक फुलतं. मग ती ना आत जाते ना बाहेर येते. जाणता मिस्त्री आदल्या रात्री तेल सोडून ठेवतो, क्रँकला खालून भक्कम आधार देतो, नट टोकाच्या पातळीत आणतो आणि एकच नेमका घाव घालतो. मग छर्रे. मागच्या चाकात पाव इंची, पुढच्यात त्याहून बारीक. बदलायचे तर सगळे बदलायचे. जुन्यात दोन नवे मिसळले की सगळा भार त्या दोघांवर येतो. मग तारा कसून चाकाचा आउट काढायचा, पुढच्या ३२, मागच्या ४०.

गाडी जुनी रॅले असेल तर आणखी एक गंमत. इतर ब्रिटिश गाड्यांच्या क्रँकच्या कपाला इंचामागे २४ आटे, रॅलेला २६. बाजारातला कप बसत नाही म्हणजे नाही. तो दुसऱ्या मेलेल्या रॅलेतूनच काढावा लागतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर उभी आहे. असल्या गाडीचा भाग हरवला तर तो कोणत्या दुकानात मागणार?

म्हणजे भंगार हा दुरुस्तीचा शत्रू नाही, तिचं कोठार आहे. दोन गाड्यांतून एक उभी राहते आणि उरलेला सांगाडा पुढे जातो. एका जुन्या रोडस्टरचं वजन वीस किलोच्या आसपास, म्हणजे पन्नास सांगाडे झाले की एक टन. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने टनभर भंगार वितळवलं की १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. जालन्यातल्या भट्ट्या अशाच भंगारावर चालतात. उद्या तुमच्या स्लॅबमधल्या सळईत कुणाच्या तरी आजोबांच्या सायकलचा चिमटा असू शकतो.

पण इथेच गोम आहे. डायनामोच्या पोटात तांब्याची तार असते. पोलादात मिसळलेलं तांबं भट्टीत जळून मळीत निघून जात नाही, आतच राहतं. मग तापलेलं पोलाद लाटताना ते पृष्ठभागाशी साचतं आणि तिथे बारीक तडे जातात. एका डायनामोने काही बिघडत नाही, हे मान्य. पण तेच पोलाद पुन्हा भंगार होऊन भट्टीत येतं आणि तांबं दर फेरीला वाढत जातं. तसंही तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना लोखंडापेक्षा चांगला भाव मिळतो. तरी आपण आख्खी गाडी काट्यावर टाकतो आणि लोखंडाच्या भावात देऊन मोकळे होतो!

जुना रंग घरी खरवडणार असाल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, ती धूळ मुलांच्या पोटात नको. पाणी लावून घासा.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या बेवारस सायकली उचलण्याची नोटीस लागली असेल, तर भंगारवाल्याआधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलवा. त्याला हवं ते काढू द्या. उरलेलं द्यायच्या आधी डायनामो आणि दिव्याची वायर तेवढी वेगळ्या पिशवीत ठेवा. एक पाना आणि दहा मिनिटं पुरतात.